चिंगीचं जाणं

सम्यकने फोनवर आधी प्रांजलचं नावच घेतलं नाही. "ताई, तू ऑफिसात आहेस ना?" एवढंच विचारलं. माधुरीला वाटलं, याचं मरोळला काहीतरी काम असेल, जेवायला येतो म्हणेल. "हो, का रे?" ती म्हणाली. समोरच्या पडद्यावर मुलांच्या अभ्यासाच्या ॲपमधली चिंगी पेरू कुरतडत होती. नव्या सत्रासाठी तिच्या शेपटीचा झुपका मोठा केला होता आणि ती आता खार दिसते की मुंगूस यावर शेजारच्या टेबलाशी वाद चालला होता. "एकटीच आहेस?" सम्यकने विचारलं. "म्हणजे?" "म्हणजे प्रांजल तुझ्याकडे नाही ना आली?" तेव्हा माधुरीला त्याच्या आवाजामागचा रस्ता ऐकू आला. हॉर्न, कुणाचं तरी ओरडणं, आणि चालता चालता लागलेली भावाची धाप. प्रांजल, त्याची मुलगी, आठ वर्षांची. तिच्या इमारतीपासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत ती एकटी गेली की तिची आई, श्वेता, गॅलरीत उभी राहते. ती मुलुंडहून अंधेरीला एकटी कशी येईल? "शाळेला सुट्टी होती," सम्यक म्हणाला, "श्वेता बँकेत गेलीये, मी घरूनच काम करत होतो. खाली कुरियरवाला आला म्हणून गेलो, वर आलो तर दार नुसतं ओढलेलं. सगळी बिल्डिंग बघितली. गच्ची बघितली. दप्तर नाहीये तिचं. गोधडी पण नाहीये." "गोधडी?" "हो ना, आईने शिवलेली. आणि टॅबवर तुझं ते चालू आहे, चिंगीचं. पण चिंगी नाहीये त्यात. रिकामं घर दिसतंय नुसतं."

धक्का बसला की माणूस किंचाळतो, निदान उभा तरी राहतो, असं तिला वाटायचं. तिने मात्र आधी चहाचा कप खिडकीत ठेवला, लॅपटॉप मिटला, मग उठून खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, जणू कुणीतरी मागून बघतंय. रिकामं घर. ते घर तिला पाठ होतं. उंबराच्या ढोलीतली ती खोली, गवताची चटई, खिडकीत उलटा ठेवलेला मातीचा पेला, आणि खाली दोनच शब्द: 'चिंगी गेली.' ते शब्द तिनेच लिहिले होते. आधी कुणीतरी 'अरेरे! चिंगी रुसून निघून गेली!' असं लिहिलं होतं. तिने ते खोडून दोन शब्द ठेवले, उद्गारचिन्हसुद्धा काढलं. "जास्त बोलू नका," ती तेव्हा म्हणाली होती, "जाणारं माणूस जास्त बोलत नाही." सगळे हसले होते, कौतुकाने. जिन्यातून उतरताना ते हसणं तिला आता ऐकू आलं आणि तिने कठडा धरला.

रिक्षा लिंक रोडला लागली. पवईचं तळं डावीकडे चकाकत राहिलं, बराच वेळ, संपेचना. रिक्षावाल्याने विचारलं, "मुलुंडमध्ये कुठे?" आणि तिला सांगता येईना. कुठे? जिथे प्रांजल असेल तिथे. "चला तर," ती म्हणाली. सम्यक पोलीस चौकीत जातो म्हणाला होता. श्वेता बँकेतून निघाली होती. माधुरी फोन हातात धरून बसली होती आणि तिचं मन सारखं मरोळच्या त्या बैठकीकडे जात होतं, जायचं नसताना. गेल्या वर्षीची गोष्ट. 'चिंगीचं घर' हे ॲप नुकतं निघालं होतं. तिसरी ते सातवीची मुलं, गणित, भाषा, परिसर. एक धडा पुरा केला की चिंगीला एक पान, काडी, कधी खिडकी. अभ्यास वाढेल तसं घर वाढतं. मुलांना ते आवडायचं, आयांना आवडायचं, पण काही आठवड्यांनी मुलं विसरून जायची. राजेशने, म्हणजे कंपनी ज्याची त्याने, फळ्यासमोर उभं राहून विचारलं होतं, "पोरं येतात, खेळतात, विसरतात. विसरू नयेत म्हणून काय करायचं?" कुणी म्हणालं जास्त बक्षिसं द्या, कुणी म्हणालं रंगीत टोप्या द्या. माधुरी खिडकीतून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघत होती. तिथल्या उघड्या मजल्यावर एक बाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर काहीतरी बोचकं घेऊन. आणि माधुरीच्या तोंडून निघालं, "ती जाईल." "कोण?" "चिंगी. अभ्यास नाही केला तर ती पिशवी भरून दारात बसेल. तरी नाही केला तर जाईल."  मग राजेश म्हणाला, "झकास."

तिला अभिमान वाटला होता. घरी जाऊन तिने आईला सांगितलंही होतं, "आज मी एक भारी गोष्ट शोधून काढली," आणि आईने "बरं" म्हणून आमटीला फोडणी दिली होती. चित्रं काढणाऱ्या रुचिराने पहिल्यांदा दारात बसलेली चिंगी रडताना काढली होती, डोळ्यांतून टपोरे थेंब. माधुरीने ते परत पाठवलं. "रडायला नको गं. गप्प बसू दे. गुडघे जुळवून, पिशवी मांडीवर, मान खाली. कुणाकडे बघायचं नाही. गप्प बसलेलं जास्त लागतं." "तुला बरं माहीत," रुचिरा म्हणाली होती. पिशवीत काय असेल तेही माधुरीनेच ठरवलं. फणी, गोधडी, एक अर्धा पेरू. मुलं पिशवीवर बोट ठेवायची की पिशवी उघडून आतल्या वस्तू दिसायच्या. मुलांना ते फार आवडायचं, परत परत उघडून बघायची. मग आयांचे निरोप यायला लागले. मुलगा आपणहून अभ्यासाला बसतो. मुलगी रात्री झोपेतून उठून विचारते, चिंगी आहे ना? एकीने लिहिलं होतं, ताप होता तरी उठून गणितं केली, तुमचे आभार. तो निरोप राजेशने सगळ्यांसमोर वाचून दाखवला, आणि टाळ्या पडल्या. माधुरीनेही वाजवल्या. आपले तळहात एकमेकांवर आपटल्याचं तिला रिक्षात आठवलं, ती जागा आत्ता गरम झाल्यासारखी वाटली.

ताप. प्रांजलला गेल्या आठवड्यात ताप होता. श्वेताने टॅब उचलून कपाटावर ठेवला होता, डोळ्यांना त्रास नको म्हणून. माधुरी तिला बघायला गेली होती, मोसंबी घेऊन. पोरगी मलूल पडली होती आणि सारखी काहीतरी पुटपुटत होती. "काय गं सोन्या?" "आत्या, दारात बसली असेल." माधुरीने तिचं कपाळ चेपलं होतं. "कोण बसली असेल दारात? कुणी नाही. झोप तू." तिला कळलं नव्हतं. खरंच कळलं नव्हतं? ती तिथून निघताना श्वेताला म्हणाली होती, तापात बरळतेय गं.

भांडुपच्या अलीकडे गाडी अडकली असताना सम्यकचा फोन आला. "सापडली," तो म्हणाला. पाच रस्त्याजवळच्या बसथांब्यावर एक गजरेवाली बसते, तिने दप्तराला लावलेल्या ओळखपत्रावरचा नंबर बघून फोन केला होता. कधीची बसलीये, बस आली तरी चढत नाही, काही विचारलं तर बोलत नाही, म्हणाली. सम्यक शोधत शोधत नाहूरपर्यंत गेला होता. "तू पुढे हो, मी येतोच. तिला हलू देऊ नकोस तिथून." माधुरीने रिक्षावाल्याला सांगितलं, "पाच रस्ता," आणि मग मोठ्याने म्हणाली, "सापडली." रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. काय सापडलं ते त्याने विचारलं नाही.

थांब्यावर दोन-चार माणसं उभी होती. त्यांच्या पायांमधून तिला आधी दप्तर दिसलं, मग गुडघे. रिक्षा थांबायच्या आत ती उतरली, आणि उतरून जागीच उभी राहिली. लोखंडी बाकाच्या टोकाला प्रांजल बसली होती. गुडघे जुळवलेले, दप्तर मांडीवर, दोन्ही हात दप्तरावर, मान खाली. ती कुणाकडे बघत नव्हती. रडत नव्हती. दप्तराच्या तोंडातून गोधडीचा निळा काठ बाहेर आला होता. धावत जाऊन पोरीला उचलायला हवं, हे माधुरीला समजत होतं. पण पाय उचलेनात, कारण हे चित्र तिने बघितलेलं होतं. रुचिराने काढलेलं नव्हे. त्याच्याही आधीचं.  चित्रातली खार नव्हती ती, आणि बाकावरची प्रांजलही नव्हती. उंबऱ्यावर, पाठ आत आणि तोंड बाहेर करून बसलेली, ठेवणीतलं पोपटी पातळ नेसलेली आई होती. मांडीवर रेक्झिनची पिशवी.

"ओ ताई, तुमची काय ही?" गजरेवालीने हाक मारली. "पाणी पण घेत नाही. म्हटलं पोरगी हरवली तर रडेल ना, ही रडतच नाही. म्हणून फोन केला."

माधुरी बाकाजवळ जाऊन खाली बसली, फुटपाथवरच. "प्रांजल."

प्रांजलने मान वर केली. तिला आत्या दिसल्याचं आश्चर्य वाटलं नाही, आनंदही नाही. "आत्या, तू कशी आलीस?"

"तुला न्यायला. कुठे चाललीस तू?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? मग घरातून का निघालीस, राणी?"

"मी अभ्यास नाही केला ना," प्रांजल सावकाश म्हणाली, आत्याला हे ठाऊक नसावं याचं तिला नवल वाटलं असावं. "चिंगी गेली. मग मला पण जायला पाहिजे."

"अगं, तू आजारी होतीस."

"ते चिंगीला कुठे माहीत?"

"आणि जाणार कुठे होतीस?"

"तेच दाखवत नाहीत," प्रांजल म्हणाली. "ती जाते ते दाखवतात. कुठे जाते ते दाखवतच नाहीत. मी म्हटलं, बसून बघू कुणी न्यायला येतं का."

माधुरीने दप्तर तिच्या मांडीवरून उचललं. प्रांजलने ते सहज सोडलं. आत गोधडीच्या घडीत फणी होती आणि फ्रीजमधला एक पेरू, दाताने कसाबसा अर्धा केलेला. उरलेला अर्धा कुठे गेला, असा वेडा प्रश्न माधुरीच्या डोक्यात आला. "हा अर्धा का गं?" तिने विचारलं. "असाच असतो," प्रांजल म्हणाली. मागून सम्यक धावत आला, त्याने पोरीला उचलून छातीशी धरलं तेव्हा कुठे ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणत राहिली की मी आता करेन, सगळे धडे करेन, आजच करेन. "नको करूस," सम्यक म्हणत होता, "नको करूस गं." गजरेवालीने माधुरीच्या हातात पाण्याची बाटली दिली. ती तिने घेतली आणि काय करायचं न समजून धरून उभी राहिली.

घरी श्वेता पोचलेली होती. प्रांजलला न्हाऊ घालून, वरणभात भरवून निजवेपर्यंत ती माधुरीशी बोलली नाही. मग बाहेर आली, समोर बसली. श्वेता मुळात मोठ्याने बोलणारी नाही. "ताई, एक विचारू? तुम्हीच बनवलंय ना ते?" माधुरीने मान हलवली. "तुम्हाला माहीत होतं ना, मुलांना खरं वाटतं ते?" "हो." "मग?"  मुलांना खरं वाटावं म्हणूनच तर शेपटीच्या झुपक्यावर वाद घालत होतो, हे ती म्हणू शकली असती. सम्यक पंख्याकडे बघत बसला होता. "पण तिचे मार्क वाढले होते," तो हळूच म्हणाला. श्वेताने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला, आणि माधुरी दचकली, कारण तिच्याही मनात नेमकं तेच वाक्य येऊन उभं होतं. अजून. बाकावरचे ते गुडघे बघून झाल्यावरसुद्धा.

गॅलरीत जाऊन तिने राजेशला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "मुलगी बरी आहे ना? बस, मग ठीक. बाप रे. यार माधुरी, काटा आला अंगावर." तो मनापासून बोलत होता. त्यालाही मूल आहे. "पण हे बाहेर नको जायला हं." "जाणं काढून टाक," ती म्हणाली. "काय?" "चिंगीचं जाणं. काढून टाक, आजच." राजेश म्हणाला, "अगं, तेच तर चालतं ना. तेच काढलं तर उरतं काय? पानं आणि काड्या? लहान मुलांपुरतं काढू, बसून ठरवू. तू आत्ता हादरली आहेस." मग तिला बरं वाटावं म्हणून असेल, तो म्हणाला, "मी सगळ्यांना सांगत असतो, माहितीये? की आमच्या माधुरीला ते खिडकीतून बघता बघता एका वाक्यात सुचलं." "सुचलं नव्हतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घाटकोपरला पंतनगरात ती आणि आई दोघीच राहतात. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. म्हाडाची जुनी इमारत पाडून तिथेच नवी झाली, तिच्यात सातव्या मजल्यावर घर मिळालं. पण उन्हं उतरायच्या वेळेला माधुरीने दार उघडलं तेव्हा तिला आधी उंबरा शोधावासा वाटला. नव्या घराला उंबरा नव्हता, नुसती काळ्या दगडाची पट्टी होती. आई भुईवर पेपर पसरून मेथी निवडत होती. सम्यकने तिला फोन करून सांगितलेलं होतं. "आली का झोप पोरीला?" तिने विचारलं. "आली." "चहा ठेवू?" "नको. आई, तुला एक आठवतं का?" आणि विचारताना माधुरीचा आवाज चौथीतल्या मुलीसारखा बारीक झाला.

तिला स्वतःला सगळं आठवत होतं, आणि इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. दुपारची शाळा लवकर सुटली होती. बाबा पालिकेच्या पंपिंग स्टेशनात, कामावर. तिच्या हातात गणिताचा पेपर होता, घडी घालून, कारण त्यात फार कमी मार्क होते. आणि आई उंबऱ्यावर बसलेली. बाहेरच्या गॅलरीतून येताना आधी ते पोपटी पातळ दिसलं, सणाला नेसायचं. आत सम्यक पाळण्याच्या वयाचा नव्हता तरी पाळण्यात झोपलेला, पाय बाहेर. "आई, कुठे चाललीस?" आईने वर पाहिलं नाही. "तू नीट शिकणार नसशील तर मी कशाला राहू? जाते." एवढंच. त्यांच्या घरात शिकणं ही मार्कांची गोष्ट नव्हती. भिंतीवरच्या तसबिरी, बाबांनी हप्त्याहप्त्याने घेतलेली पुस्तकं, पाहुण्यांसमोर पोरांना म्हणायला लावलेले पाढे, सगळं घर त्यावरच उभं होतं. माधुरीने पेपर दप्तरात कोंबला, आत जाऊन भिंतीशी बसली आणि पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला लागली, आईच्या पाठीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. एक धडा संपला की दुसरा. घसा सुकला तरी थांबली नाही, थांबलं की पाठ उठेल असं तिला वाटत होतं. अंधार पडता पडता आई उठली, आत आली, आणि भाकऱ्यांचं पीठ काढलं. तेव्हा तिने मनात काय ठरवलं ते ठरवलं. त्यानंतर ती कधी नापास झाली नाही, कधी दुसरी आली नाही. इंजिनियर झाली, नोकरी लागली, एकदा लग्नाचं चालून आलं ते बंगळूरचं होतं म्हणून नको म्हणाली. आईला एकटं कसं टाकणार?

ती हे सांगत असताना आईचे हात थांबले नव्हते, पाला एकीकडे, काड्या एकीकडे. शेवटी ते थांबले. "तुला ते आठवतं?" आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. "मला वाटलं तू विसरलीस. लहान होतीस."

"तू मला घाबरवायला बसली होतीस ना? मी अभ्यास करावा म्हणून."

आईने पेपरवरची माती बोटाने एका जागी गोळा केली. "नाही गं," ती म्हणाली. "मी खरंच चालले होते."

खालच्या मैदानातून पोरांचा आरडाओरडा वर येत होता. माधुरीला तो एकदम फार लांबून आल्यासारखा वाटला.

"नाशिकला. रतनकडे. माझ्या गावची, बुलढाण्याची. आम्ही एकत्र गोवऱ्या थापल्यात. तिने तिकडे पोरांसाठी खाणावळ काढली होती. म्हणाली, ये माझ्याकडे, दोघी मिळून करू. दुपारी मला न्यायला येणार होती. मी बसले वाट बघत."

"बाबा मारायचे तुला?"

"छे गं! तुझे बाबा लाखात एक माणूस. कधी आवाज चढवला नाही." आई थोडी हसली. "हेच कुणाला सांगता येत नाही ना. चांगलं असतं सगळं, आणि तरी जीव गुदमरतो. मला वाटायचं, हे घर मी निवडलेलं नाही. एकदा तरी एक जागा आपण निवडावी."

"पण तू म्हणालीस ना, तू शिकणार नसशील तर..."

"तू अचानक येऊन उभी राहिलीस. कुठे चाललीस म्हणालीस. तुझ्या हातात शाळेचा कागद होता. तोंडाला आलं ते बोलले मी, माधु. मी तर तो कागद बघितलासुद्धा नाही."

माधुरीला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. "आणि आम्ही? आम्हाला टाकून जाणार होतीस?"

  आई खाली बघतच म्हणाली, "सम्यकला नेणार होते. पिशवीत त्याचेच कपडे होते. त्याला माझ्याशिवाय झोप यायची नाही. तुझं काय करावं, ते मला समजत नव्हतं. शाळा सुटायला नको, असं वाटत होतं. मग तू आत गेलीस आणि वाचायला बसलीस. किती खणखणीत वाचत होतीस. मी तिथे बसून ऐकत होते. मला वाटलं, झालं, हिची काळजी नाही. हिला पुस्तकं आहेत, बाप आहे. ही राहील."

माधुरीने पाठ भिंतीला टेकवली. भिंत थंड होती. तिला राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. कुणीतरी तिला हळूच उचलून दुसऱ्याच कुणाच्या घरात ठेवावं तसं झालं होतं. ही भिंत, हा पंखा, ही मेथी, सगळं तेच, आणि यातलं काहीच तिच्या ओळखीचं नव्हतं. ती वाचत होती ते आईला थांबवण्यासाठी. आणि प्रत्येक धड्यागणिक आईचं जाणं सोपं होत होतं. "मग राहिलीस का?" तिने विचारलं. हा प्रश्न विचारायची तिला भीती वाटली, तरी विचारला.

"रतन आलीच नाही," आई म्हणाली. "निरोप नाही, काही नाही. अंधार झाला. पोरांना भूक लागली असेल म्हणून उठले." आणि तिने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली, पण निवडली नाही. "तुला वाटलं, तुझ्यामुळे राहिले?"

"हो."

"आतापर्यंत?"

"हो, आई."

"अगं बाई," आई म्हणाली. तिने तोंडावर हात ठेवला आणि त्या हाताला मातीचा वास येत असणार, तरी तसाच ठेवला. "अगं बाई माझे."

सोमवारी माधुरीने ऑफिसात सगळ्यांसमोर बसथांब्याचं सांगितलं. पेरूचं सांगितल्यावर रुचिरा उठून बाहेर गेली. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी चिंगीचं जाणं काढायचं ठरलं, मोठ्यांसाठी ठेवायचं. राजेश म्हणाला, मोठ्यांना समजतं गं. माधुरी म्हणाली, नाही समजत. मला अजून समजलेलं नाही. कुणाला ते कळलं नाही आणि तिने समजावलं नाही. शेवटी तिने सांगितलं की जाणं राहणार असेल तर मी राहत नाही. राजेशला हा हट्ट वाटला. आठवडाभर धुसफूस चालली आणि मग एके दिवशी त्याने वैतागून सगळंच काढून टाकायला सांगितलं. मुलं कमी झाली. लगेच, दिसण्याइतकी. जेवणाच्या टेबलावर तिच्याशी कुणी भांडलं नाही, नुसते नेहमीपेक्षा लवकर उठायचे. प्रांजलला कुणी पुन्हा टॅब दिला नाही. तिनेही मागितला नाही. मात्र झोपायच्या आधी ती अजून श्वेताला विचारते की उद्या कोण कोण घरी असणार आहे, आणि श्वेता एकेकाचं नाव घेते.

त्याच आठवड्यात आई म्हणाली, "मी रविवारी नाशिकला जाते." रतन अजून तिकडेच आहे, लेकीकडे असते, हे तिला गावच्या कुणाकडून तरी कधीच कळलेलं होतं, ती फक्त बोलली नव्हती. "मी येते सोबत," माधुरी म्हणाली. "कशाला?" "का आली नाही ते विचारायला?" "ते मी विचारीन. तू काय करणार तिथे?" "किती दिवस राहशील?" "बघते," आई म्हणाली. सम्यकने फोनवर बरीच कटकट केली, गुडघे दुखतात, एकटी कशी जाणार, मी गाडीने सोडतो. आईने ऐकून घेतलं आणि बॅग भरली. स्वतःचीच, पहिल्यांदाच. माधुरी मदतीला गेली तर म्हणाली, राहू दे, मला सापडणार नाही मग.

दादरहून येणारी नाशिकची गाडी हायवेवर थांबते. सकाळची वेळ होती, पुलाखाली कबुतरं फडफडत होती. दोघी उभ्या होत्या. माधुरीने पाण्याची बाटली दिली, चार्जर दिला, पुन्हा विचारलं की औषधं घेतलीस ना. आई मान लांब करून रस्त्याकडे बघत होती, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखी. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे माधुरीने कधी बघितलं नव्हतं. गाडी आली. कंडक्टरने बॅग वर ओढली. "पोचलीस की फोन कर," माधुरी म्हणाली. "हो गं," आई पायरीवरून म्हणाली, आणि आत गेली. खिडकीच्या जागेवर कुणी बाई बसली होती, तिला आई काहीतरी सांगत होती, हातवारे करत, बहुतेक सरकायला. मग ती बाई हसली, आईही हसली. काचेपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. गाडी हलली. आता आई बाहेर बघेल, असं माधुरीला वाटलं आणि तिने हात वर केला. आई त्या बाईशीच बोलत होती.

आपण धावत सुटू, ओरडू, असं तिला आतून कुठेतरी वाटत होतं. ती त्याची वाट बघत उभी राहिली. काही झालं नाही. गाडी विक्रोळीच्या बाजूला लहान होत गेली आणि दुसऱ्या गाड्यांत मिसळली. एक माणूस धापा टाकत आला, दोन्ही हातांत पिशव्या, आणि तिला विचारू लागला, "ओ मॅडम, नाशिक गेली का?"

"गेली," माधुरी म्हणाली. किती सहज निघाला तो शब्द, कुणी मेलं नाही, काही मोडलं नाही. त्या माणसाने पिशव्या खाली ठेवल्या. "दुसरी येईल ना?" त्याने विचारलं. "येईल," ती म्हणाली, आणि ती स्वतःही का थांबली आहे हे न कळता त्याच्या शेजारी उभी राहिली.